कुठले टक्के?

लेझर कटर बाळगणारी दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी प्रश्न येतो, "काका, तीन एमएमचं एमडीएफ किती टक्के पॉवरवर कापता?" (एमडीएफ म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी.) मी विचारतो, "कुठले टक्के?" समोरच्याला वाटतं, म्हातारा माहिती द्यायला कां-कूं करतोय.

कां-कूं नाही हो. मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात नोकरी केली. हातात कायम व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. आमच्या साहेबांचा दंडक असा, की ज्या आकड्याला एकक नाही तो रिपोर्टात चढवायचा नाही. "साठ टक्के ओके" असं कुणी लिहून आणलं तर कागद परत यायचा, वर लाल शाईत "कशाचे?" असं लिहून. निवृत्त झालो, पार्किंगला लागून असलेल्या खोलीत मशीन घेतलं, नावाच्या पाट्या, गणपतीची मखरं, शाळांची सन्मानचिन्हं कापायला लागलो, पण ती लाल शाई काही डोक्यातून गेली नाही.

माझं मशीन के-४० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचं. निळा-पांढरा पत्र्याचा पेटारा, मागच्या कप्प्यात काचेची नळी, वर डिजिटल पॅनल. पॅनलवर ठसठशीत आकडा दिसतो, शून्यापासून शंभर. आता त्या आकड्याचं आत काय होतं बघा. पॅनल पॉवर सप्लायला शून्य ते पाच व्होल्टच्या मधला एक इशारा देतं. साठ टक्के म्हणजे तीन व्होल्ट. बस्स, पॅनलची अक्कल तिथे संपते. पुढे सप्लाय पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार करून नळीतून काही मिलीअँप प्रवाह ढकलतो. त्या प्रवाहाचं नळीत इन्फ्रारेड प्रकाशात रूपांतर होतं, तेही थोड्याच भागाचं. बाकीची उष्णता पाणी घेऊन जातं. प्रकाश तीन आरशांवरून उड्या मारत लेन्समध्ये शिरतो आणि मग कुठे लाकडाला भेटतो. नळी जुनी, आरसा धुरकटलेला, लेन्सवर डाग, पाणी कोमट, यातलं काहीही पॅनलला कळत नाही. साठ म्हणजे साठ!

नाशिककरांना हे समजावणं सोपं आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमीत क्युसेकचा आकडा येतो. पंचवटीतला माणूस तो ऐकून घेतो आणि विचारतो, "दुतोंड्याच्या कुठवर आलंय?" म्हणजे गोदावरीत रामकुंडाजवळ उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या पुतळ्याच्या. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे मग विषयच संपला. क्युसेक धरणाच्या दाराशी मोजलेला असतो, वाटेत शहरभरचं पावसाचं पाणी आणि नाले येऊन मिळतात, आणि दुकानात शिरणारं पाणी रामकुंडापाशी कुठवर चढलंय यावर ठरतं. पॅनलवरचा आकडा हा धरणाच्या दाराचा आकडा. मला मारुती पाहिजे होता.

मोजण्याची ही अडचण लेझरच्या जन्मापासूनची आहे. १९६० साली थिओडोर मेमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं माणकाच्या दांडीतून पहिला लेझर काढला, तेव्हा तो किती जोरकस हे सांगायला सोयीचं साधन हाताशी नव्हतं. मग त्या काळातले लोक दाढीच्या जिलेट पात्यांची चवड ठेवायचे आणि झोत किती पाती भेदून जातो ते बघायचे. चार पाती भेदली तर लेझर चार जिलेटचा. थट्टेतलं एकक, पण मला ते पॅनलवरच्या टक्क्यांपेक्षा प्रामाणिक वाटतं. निदान पातं झोताच्या वाटेत तरी ठेवलेलं होतं.

आणि आपल्या पेटाऱ्यातल्या कार्बन डायऑक्साइड लेझरची मुळं तर पार बारामतीपर्यंत जातात. कुमार पटेल यांचा जन्म तिथला, १९३८चा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, मग स्टॅनफर्ड, मग बेल लॅब्ज ही अमेरिकेतली प्रयोगशाळा. तिथे १९६४च्या सुमारास त्यांनी कार्बन डायऑक्साइडमधून १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा झोत काढला. सुरुवातीला ताकद मिलिवॉटमधली, म्हणजे कागद तापवायलाही पुरणार नाही अशी. नायट्रोजन आणि पुढे हीलियम मिसळल्यावर वर्ष-दोन वर्षांत तीच शंभर वॉटवर गेली. आजही आपल्या नळीत हेच तीन वायू असतात. नाशिकच्या एखाद्या गल्लीत कुणी "शुभविवाह" कापतो, त्यामागे एका बारामतीकराचं डोकं आहे हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं माझं मत. असो.

तर मोजायचं काय आणि कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन वेगळ्या कारणांसाठी. नळीतला प्रवाह मोजायचा तो नळी वाचवायला. झोताचे वॉट मोजायचे ते काम नीट व्हायला. या दोहोंची गल्लत केली की एकतर नळी जाते नाहीतर माल.

प्रवाहासाठी काट्याचा मिलीअँपमीटर. शून्य ते तीसचा, अगदी साधा. डिजिटल नको, कारण काटा थरथरला तर लगेच दिसतं, आणि थरथर हीच बऱ्याचदा पहिली सूचना असते. हा मीटर नळीच्या परतीच्या तारेत, म्हणजे जिथून प्रवाह सप्लायकडे माघारी येतो त्या टोकाला, मालिकेत जोडतात. दुसऱ्या टोकाची जाड लाल तार म्हणजे वीस हजार व्होल्टचं टोक. तिच्या वाटेला जायचं नाही. आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला एक अण्णा होते, हाय व्होल्टेजमध्ये आयुष्य गेलेलं. मी त्यांनाच बोलावलं. आल्या आल्या त्यांनी मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आधी भिंतीतलं सॉकेट तपासलं. फेज आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर धरला, मग न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये धरला, आणि म्हणाले, "अर्थिंग आहे. आता बोला." त्यांचं म्हणणं, अर्थिंग नसलेल्या घरात हा पेटारा म्हणजे पत्र्याचं भूत. आपल्याकडे तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते, हे त्यांनी शेकडो घरांत पाहिलेलं.

मग प्लग काढून ठेवला. नुसतं बटण बंद नाही, प्लग भिंतीतून बाहेर, तोही आपल्या नजरेसमोर टेबलावर. थोडा वेळ गप्पा मारल्या, कारण बंद केल्यावरही सप्लायमध्ये चार्ज रेंगाळतो. चहा झाला. त्यानंतर त्यांनी एक हात खिशात घालून काम सुरू केलं. मी विचारलं, "अण्णा, हात का खिशात?" "दोन्ही हात आत गेले की करंट छातीतून जातो, साहेब. एका हाताला बाहेर ठेवायची सवय." तुम्हाला असा अण्णा मिळाला तर ठीक, नाहीतर हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. यूट्यूब बघून नको.

मीटर बसल्यावर पॅनलचं पितळ उघडं पडलं. माझ्या मशीनमध्ये ५० टक्क्यांना काटा १२ मिलीअँपवर, ७५ टक्क्यांना १८वर. शंभरवर नेलं असतं तर २४-२५ झाले असते. या आकाराच्या नळीनं १८च्या वर जाऊ नये असं सर्वसाधारणपणे मानतात, आणि रोजच्या कामात त्याच्याही बरंच खाली राहावं. म्हणजे पॅनल शंभर दाखवतंय, ग्राहकाला वाटतंय "फुल पॉवर", आणि नळीच्या आयुष्याला मात्र सुरुंग लागलाय. खालच्या बाजूलाही गंमत असते. चार-पाच मिलीअँपच्या खाली नळी धड पेटत नाही, कधी पेटते कधी नाही. पॅनलवर १२ टक्के लावून बारीक कोरीवकाम करू म्हणणाऱ्याला तुटक रेघा मिळतात आणि तो बिचारा सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो.

प्रवाह कळला, पण अजून मारुती सापडला नव्हता. मिलीअँप म्हणजे नळीत काय चाललंय ते. लाकडावर काय पडतंय त्यासाठी वॉट हवेत.

बाजारात यासाठी तयार काट्याचे मीटर मिळतात. दांडीच्या टोकाला काळा धातूचा ठोकळा, ठरावीक सेकंद झोत घ्यायचा, काटा वॉट दाखवतो. आतलं तत्त्व शाळेतल्या उष्णतेच्या धड्याचंच. म्हणून मी ते घरी केलं. अंबडच्या एका वर्कशॉपमधून अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा कापून घेतला, घासून घासून बरोबर २०० ग्रॅमवर आणला (हे घासणं अनावश्यक होतं, पण जित्याची खोड), बाजूनं बारीक भोक पाडलं आणि सगळ्या अंगांनी काळं अ‍ॅनोडायझिंग करून घेतलं. काळं करणं हौसेसाठी नाही. कोरं अ‍ॅल्युमिनियम १०.६ मायक्रॉनला आरशासारखं असतं, झोत उलटा तुमच्याकडे फेकेल. भोकात मल्टिमीटरचं तापमानाचं टोक, त्याभोवती थोडी थर्मल पेस्ट. खाली पोर्सेलिनचे तुकडे, म्हणजे ठोकळ्याची उष्णता मशीनच्या पत्र्यात जायला नको.

हिशेब असा. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम एक अंश तापवायला साधारण ०.९ जूल लागतात. २०० ग्रॅमला १८०. झोत तीस सेकंद दिला आणि तापमान चार अंशांनी वाढलं, तर ७२० जूल आत गेले. तिसानं भागा, २४ वॉट. एवढंच. आठवीतल्या मुलाला जमेल, फक्त बटण आठवीतल्या मुलाच्या हातात द्यायचं नाही.

मोजताना लेन्स काढून ठेवतो, म्हणजे झोत चार-पाच मिलिमीटर रुंद राहतो आणि अ‍ॅनोडायझिंगला खड्डा पडत नाही. लेन्स झिंक सेलेनाइडची असते. ती बोटांनी धरायची नाही, तुटली तर भुगा हातानं गोळा करायचा नाही, आत विषारी सेलेनियम आहे. ठोकळा जागेवर, तापमान लिहून घेतलं, झाकण बंद, मग टेस्टचं बटण, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. तीस सेकंद झाले की बटण सोडायचं आणि आकडा चढत चढत जिथे थांबतो तो लिहायचा. पुढच्या मोजणीआधी ठोकळा पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. थोडा झोत परत फेकला जातो, थोडी उष्णता हवेत जाते, त्यामुळे माझा आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी असणार. असू दे. पद्धत तीच ठेवली तर चूकही तेवढीच राहते, आणि मला या महिन्याची तुलना गेल्या महिन्याशी करायची आहे, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेशी नाही.

वहीत उतरलेले आकडे असे: १२ मिलीअँपला २४ वॉट, १६ला ३०, १८ला ३१. पुन्हा बघा. सोळापासून अठरापर्यंत जाताना नळीवर ताण वाढला, उष्णता वाढली, आणि हाती आला एक वॉट. तेव्हापासून मी १६च्या वर कधीच जात नाही, नेहमीचं काम १२वर. जास्त जाडीचं काही आलं तर वेग कमी करतो किंवा दोनदा फिरवतो. शेवटी लाकडाला कळते ती दर मिलिमीटरला मिळालेली ऊर्जा. २४ वॉट आणि सेकंदाला १२ मिलिमीटर म्हणजे दर मिलिमीटरला दोन जूल. हे दोन जूल मी दुसऱ्याला सांगू शकतो. "पन्नास टक्के" सांगून काय उपयोग, त्याच्या पन्नासात काय आहे कुणास ठाऊक. शिवाय '४० वॉट' म्हणून विकलेली ही सातशे मिलिमीटरची नळी खरं तर ३०-३५चीच असते, त्यामुळे माझे ३१ ऐकून हळहळणाऱ्यांनी हळहळू नये.

ठोकळ्याचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. तोच प्रवाह ठेवून टेबलाच्या चारी कोपऱ्यांत मोजलं तर आरसे सरळ आहेत का ते कळतं. नळीजवळच्या कोपऱ्यात २४ आणि लांबच्या कोपऱ्यात १९ आले तर झोत वाटेत कुठेतरी घासतोय. मग मास्किंग टेपचे तुकडे लावून एकेक आरसा बघायचा. लोक अशा वेळी टक्के वाढवतात. लांबचा कोपरा कापला जातो आणि जवळचा जळतो.

आता झाकणाबद्दल, कारण वाद इथेच होतात. अर्धा वॉट ओलांडला की लेझर चौथ्या वर्गात, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गात जमा होतो. आपण त्याच्या साठपटीत खेळतोय. हा झोत दिसत नाही. पुढे दिसतो तो लाल ठिपका नुसता वाट दाखवायला असतो, तो म्हणजे झोत नव्हे. खरा झोत डोळ्याच्या बाहेरच्या पडद्यालाच, कॉर्नियालाच भाजतो, पापणी मिटायच्या आत. साधी काच आणि अ‍ॅक्रिलिक १०.६ मायक्रॉन अडवतात, म्हणून झाकणाची खिडकी चालते. पण नुसता चष्मा घालून झाकण उघडं ठेवणाऱ्यांनी चष्म्याच्या बाजूला किती जागा मोकळी असते ती आरशात बघावी. झाकण उघडलं की लेझर आपोआप बंद पडला पाहिजे, असा स्विच माझ्या मशीनला मुळात नव्हता. अण्णांनी मीटरबरोबर तोही बसवला, आणि पाण्याचा प्रवाह थांबला की नळी बंद करणाराही. पाण्याविना पेटलेली नळी तडकायला वेळ लागत नाही.

मध्यंतरी कॉलेज रोडकडचा एक मुलगा आला होता. त्याच्याकडे निळ्या डायोडचं उघड्या सांगाड्याचं मशीन. "काका, माझं चाळीस वॉटचं आहे, तुमच्यापेक्षा भारी." खोक्यावर छापलेले ते चाळीस वॉट विजेकडून घेतलेले होते. प्रकाशाचे वॉट खाली बारीक अक्षरांत, साडेपाच. त्याला वाईट वाटलं. मी म्हटलं, बाळा, साडेपाचही अर्ध्याच्या अकरापट आहेत, आणि तुझा प्रकाश माझ्यापेक्षा डोळ्याला वाईट. माझा बाहेरच्या पडद्यावर अडतो, तुझा निळा सरळ आत रेटिनापर्यंत पोचतो आणि वर तिथे एका बिंदूवर गोळा होतो. त्याच्या गॉगलवर कुठल्या तरंगलांबीसाठी आहे ते छापलेलंच नव्हतं. नारिंगी रंग दिसला की झालं, असा समज. तो गॉगल त्यानं फेकून दिला की नाही माहीत नाही. ठोकळा मात्र उसना मागून नेला, आणि अजून परत आणलेला नाही. मी दुसरा करून घेतला.

रेक्झिन कापून मागायला येणारे बरेच असतात. पर्सवाले, डायरीवाले. रेक्झिन म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी, आणि पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड. आधी तुमची फुप्फुसं, मग मशीनचं लोखंड. कितीही कमी वॉटवर नाही, म्हणजे नाही. अ‍ॅक्रिलिक चालतं, पण ते मेणबत्तीसारखं पेटतं, म्हणून ते चालू असताना मी खुर्ची सोडत नाही. घरून जेवायला हाका येतात, "पाच मिनिटं जळत नाही ते!" पाच मिनिटांतच जळतं. जवळ कार्बन डायऑक्साइडचा फायर एक्स्टिंग्विशर आहे. पावडरचा स्वस्त मिळतो, पण तो एकदा मारला की आरसे-लेन्स गेलेच.

राहता राहिलं पाणी, आणि इथे नाशिकची हवा आडवी येते. डिस्टिल्ड पाणी भरतो, नळाचं नाही. नळीला पाणी पंधरा-वीस अंशांचं आवडतं, पंचविसाच्या पुढे नको. थंडीत हे आपसूक जमतं, उलट पहाटे बादली इतकी गार असते की उन्ह वर येईपर्यंत थांबावं लागतं. श्रावणात बर्फाच्या बाटल्या टाकून पाणी फार गार केलं तर दमट हवेनं नळीवर दव धरतं, आणि जिथे वीस हजार व्होल्ट आहेत तिथे दव नको. खरा त्रास एप्रिल-मेचा. बाहेर चाळीस, खोलीत पस्तीस, आणि माझ्याकडचा छोटा कूलर म्हणजे नुसता पंखा आणि जाळी. पाणी खोलीच्या तापमानाखाली नेणं त्याच्या हातात नाही. वहीत स्पष्ट दिसतं: काटा त्याच बारा मिलीअँपवर, आणि वॉट चोविसावरून एकविसावर. पॅनलवर अर्थातच पन्नास.

कॉम्प्रेसरवाला चिलर घ्यायचा तर मशीनच्या किमतीच्या निम्मे पैसे जातात. सिंहस्थाची कामं आलीत, सन्मानचिन्हं, दुकानांच्या पाट्या, एका भजनी मंडळाला तर ऐंशी बिल्ले हवेत. त्यातून चिलर निघाला तर निघेल. तोवर उन्हाळ्यात अकराला मशीन बंद. गिऱ्हाईक कुरकुरतं, "दुपारी ऑफिसातून निघून येतो ना काका, अर्ध्या तासाचं तर काम." मी म्हणतो, सकाळी सातला या, चहा माझ्याकडून.